कर्जखतावरचा राग आणि माणसावरचा राग

बडोदा स्टेशनातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले की अलकापुरी लागते. दुकाने, हॉटेले, कचेऱ्या यांनी गजबजलेल्या या भागाच्या मुख्य रस्त्याला रमेशचंद्र दत्त यांचे नाव आहे. दत्त हे आयसीएस अधिकारी, १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष आणि १९०२ व १९०४ साली दोन खंडांत निघालेल्या हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे लेखक. शेतसाऱ्याचा भार, बसलेले हातमाग आणि इंग्लंडकडे वाहत जाणारा पैसा यांचा हिशेब त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतून मांडला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये त्यांना आपले महसूलमंत्री केले, १९०९ मध्ये दिवाण केले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज बँक ऑफ बडोदाचे मुख्य कार्यालय आहे. १९०८ साली सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेली ही बँक, १९१३ ते १९१७ या काळात देशात एकामागून एक बँका बुडत असताना तगली.

रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, सयाजीबाग आहे. जुने बडोदेकर तिला अजून कमाटीबाग म्हणतात. बागेत सयाजीरावांनी उभारलेले संग्रहालय आणि चित्रदालन आहे. १९३४ साली या संग्रहालयाचा कारभार पाहायला जर्मनीतून एक विद्वान आला. त्यांचे नाव अर्न्स्ट कोन-वीनर. जन्म १८८२, पूर्व प्रशियातल्या टिल्झिट गावचा. बर्लिनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे सामान्य नागरिकांना कलेचा इतिहास शिकवला, १९२० च्या दशकात सोव्हिएत मध्य आशियात फिरून तिथल्या इस्लामी वास्तूंचा अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिला. समरकंद-बुखाऱ्याच्या घुमटांवर अधिकाराने बोलणारी जी थोडी माणसे तेव्हा युरोपात होती, त्यांपैकी ते एक होते. १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली, कारण ते ज्यू होते. आधी इंग्लंड, मग बडोदा असा त्यांचा प्रवास झाला.

ज्या देशाने त्यांना हाकलले, त्या देशात पाच वर्षांपूर्वीपर्यंत हिटलरचा पक्ष शंभरातली तीन मतेही मिळवू शकत नव्हता. पाच वर्षांत असे काय घडले? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: मंदी. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे बडोद्यातून आणि आपल्या मराठी मुलखाच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते. कारण तीच मंदी इथेही आली होती.

आधी जर्मनीचा क्रम नीट पाहू. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर युद्धखंडणीचा बोजा होता आणि युद्धाचा खर्च सरकारने कर्ज काढून भागवला होता. त्यातून चलन कोसळले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभर काटकसर करून बँकेत पैसे टाकणारा शिक्षक, निवृत्त कारकून, नवऱ्याच्या विम्यावर जगणारी विधवा, सरकारी युद्धरोखे देशभक्तीने घेणारा दुकानदार, या सगळ्यांची पुंजी काही महिन्यांत मातीमोल झाली. हलाखी एवढी पराकोटीची असताना त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला आणि तो एका दिवसात फसला. पोलीस सरकारच्या बाजूने उभे राहिले, सरकारने नवे चलन काढून भाव थोपवले आणि पुढच्या वर्षापासून कारभार रुळांवर आला. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. म्हणजे नुसत्या हलाखीने हुकूमशहा सत्तेवर येत असता, तर तो १९२३ मध्येच आला असता.

पहिले तडे गेले ते गावांमध्ये. १९२७ नंतर शेतमालाचे भाव उतरू लागले, व्याजाचे दर चढे राहिले आणि उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या गोठ्यांतली जनावरे जप्त होऊ लागली. शेतकऱ्यांनी काळे झेंडे घेऊन मोर्चे काढले, करवसुली अडवली, लिलाव उधळले. बर्लिनमधल्या पक्षांना या रागाची भाषाच कळली नाही. समाजवादी पक्ष शहरी कामगारांचा होता, उजव्या पक्षांवर मोठ्या जमीनदारांची पकड होती. मधला, लहान शेतकरी पोरका राहिला. नाझी प्रचारक त्याच्या गावात गेले, सभा भरवल्या, त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि त्या गाऱ्हाण्याला एक चेहरा दिला: तुझी जनावरे नेणारा ज्यू. १९२८ मध्ये या प्रांतात नाझींना ४ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ५१ टक्के झाली.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि अमेरिकी कर्जांवर चालणाऱ्या जर्मन उद्योगांचे पाणी तुटले. जर्मनीत १९२७ पासून बेकारी विमा होता. बेकार वाढले तसा त्याचा खर्च वाढला. तो कुणी सोसायचा यावरून मार्च १९३० मध्ये समाजवादी नेते हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले. एका विम्याच्या हप्त्यावरून पडलेले हे सरकार संसदेतल्या बहुमतावर चाललेले शेवटचे सरकार ठरले. त्यानंतर आलेले चॅन्सेलर हाइनरिख ब्रुनिंग यांनी राष्ट्राध्यक्षांच्या आणीबाणीच्या अधिकारांवर, वटहुकुमांनी राज्य केले. हे वटहुकूम होते पगार कापण्याचे, बेकारभत्ता घटवण्याचे, कर वाढवण्याचे. मार्कचे सोन्यातले मोल टिकले पाहिजे आणि अंदाजपत्रक जुळले पाहिजे, यापलीकडे त्यांनी पाहिले नाही. लोक ज्या वेळी सर्वांत जास्त अडचणीत होते, नेमक्या त्याच वेळी सरकारने हात आखडता घेतला. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार आकडे तपासले आहेत. करवाढ आणि खर्चकपात जिथे जास्त झाली, तिथे नाझींची मतेही जास्त वाढलेली दिसतात.

सप्टेंबर १९३० मध्ये १२ जागांच्या १०७ झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात बँका कोसळल्या. १३ जुलै १९३१ रोजी देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक, दानात बँक, दारे बंद करून बसली आणि ठेवी काढायला लोकांच्या रांगा लागल्या. बँकेचा प्रमुख याकोब गोल्डश्मिट हा ज्यू होता. एवढी एक गोष्ट नाझी वृत्तपत्रांना पुरली. बँक का बुडाली, तिने कुणाला कर्जे दिली होती, परदेशी पैसा का निघून गेला, यातले काही सांगायची गरज उरली नाही. या बँकेशी ज्यांचे उद्योग बांधलेले होते त्या शहरांत नाझींची मते विशेष वाढली, आणि जिथे ज्यूद्वेषाचा जुना इतिहास होता तिथे तर अधिकच. ठेवीदाराचे नुकसान खरे होते. त्याला दाखवलेला गुन्हेगार खोटा होता.

१९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले. त्या जुलैमध्ये नाझींना ३७ टक्के मते आणि २३० जागा मिळाल्या. ही मते कुणाची होती, हे समजून घेतले पाहिजे. प्रत्यक्ष बेकार झालेला कामगार मोठ्या प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेला. नाझींकडे गेला तो मुख्यतः अजून ज्याच्याकडे थोडेफार होते आणि ते जाईल म्हणून ज्याची झोप उडाली होती, असा माणूस: लहान दुकानदार, कारागीर, कारकून, निवृत्त नोकर, दहा-वीस एकरांचा शेतकरी. कालपर्यंत आपण ज्यांच्यापेक्षा बरे होतो त्यांच्यात आता जाऊन पडणार, ही धास्ती भुकेइतकीच, काही वेळा भुकेपेक्षाही, माणसाला क्रूर करते.

तरीसुद्धा हिटलर बहुमताने आला नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मते ३३ टक्क्यांवर घसरली, जागा १९६ झाल्या, पक्षाची तिजोरी रिकामी झाली. त्याला सत्तेवर बसवले ते माजी चॅन्सेलर फॉन पापेन, वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग आणि त्यांच्याभोवतीच्या जमीनदार-उद्योगपतींच्या वर्तुळाने. कामगार संघटना आणि डाव्या पक्षांना चाप बसावा, आणि या माणसाला आपण मुठीत ठेवू, हा त्यांचा हिशेब होता. ३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेने सारे कायदे करण्याचा अधिकार त्याच्या हाती दिला. कम्युनिस्ट खासदार तेव्हा तुरुंगात किंवा भूमिगत होते. समाजवादी पक्षाच्या हजर असलेल्या ९४ खासदारांनी तेवढा विरोध केला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा, १० मेला ग्रंथांच्या होळ्या. कोन-वीनर यांच्यासारख्या हजारोंनी सामान बांधले.

इटलीत हीच गोष्ट मंदीच्या आधी घडली होती. युद्धानंतरची महागाई, बेकार होऊन परतलेले सैनिक, १९१९-२० मधले संप आणि शेतमजुरांच्या मागण्या यांनी पो नदीच्या खोऱ्यातले जमीनदार हादरले. १९१९ च्या निवडणुकीत मुसोलिनीच्या चळवळीला एकही जागा मिळाली नव्हती. जमीनदारांच्या पैशावर काळ्या सदऱ्यातल्या टोळ्यांनी मजुरांच्या संघटना, सहकारी संस्था, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जाळल्या, पोलिसांनी तिकडे पाठ फिरवली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये राजाने मुसोलिनीला पंतप्रधान केले. दोन्ही देशांत हलाखी होती, दोन्हीकडे मधला वर्ग भेदरला होता आणि दोन्हीकडे शेवटची किल्ली वरच्यांनी हातात दिली.

आता आपल्याकडे वळू. १९२९ नंतरच्या दोनच वर्षांत हिंदुस्थानात कापसाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. खानदेश, वऱ्हाड, भरूच, बडोदे हा सारा काळ्या मातीचा मुलूख कापसावर उभा होता. शेतसारा मात्र रोख रकमेत ठरलेला, सावकाराचे देणेही रोख. म्हणजे पूर्वी एका गाठीत फिटणाऱ्या देण्याला आता दोन गाठी लागू लागल्या. १९२७ पासून इंग्रज सरकारने रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्सवर बांधून ठेवला होता. तो उतरवावा, म्हणजे इथल्या मालाला थोडा भाव मिळेल, ही व्यापाऱ्यांची आणि नेत्यांची मागणी लंडनने ऐकली नाही. बर्लिनमध्ये ब्रुनिंग जे मार्कसाठी करत होते, तेच दिल्लीत रुपयासाठी चालले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडले, सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे दागिने सराफांकडे येऊ लागले. पाटल्या, पुतळ्या, गोठ वितळले आणि मुंबईच्या बंदरातून लंडनला गेले. इंग्रज अधिकाऱ्यांना हा व्यापार फायद्याचा वाटला. घरातले शेवटचे सोने मोडणाऱ्या शेतकऱ्यासाठी ते दिवाळे होते.

म्हणजे दुःखाच्या बाबतीत खानदेशातला शेतकरी श्लेस्विग-होल्स्टाइनच्या शेतकऱ्यापेक्षा सुखात नव्हता. उलट त्याला बेकारभत्ता नव्हता, मताचा अधिकार बहुधा नव्हता आणि राज्य परके होते. मग त्याचा राग कुठे गेला?

या रागाला आपल्याकडे एक जुना इतिहास होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये युद्ध संपताच तो पडला, तशातच सरकारने सारा वाढवला आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक उठले आणि बंड पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती, म्हणजे बाहेरून आलेले. परप्रांतीयांविरुद्ध रक्तपात घडायला जेवढे लागते तेवढे सारे तिथे होते. पण शेतकऱ्यांनी मागितली ती कर्जखते. ती मिळाली की जाळली आणि बहुतेक ठिकाणी माणसाला हात न लावता ते परतले. आपल्याला कशाने बांधले आहे, हे त्यांना अचूक कळले होते. सरकारनेही चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. त्याच मे महिन्याच्या २७ तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्या दत्तांना पुढे त्यांनीच आपल्या राज्यात आणले.

कर्जखतावर रोख ठेवणारा हा राग विसाव्या शतकात संघटित झाला. १९२८ मध्ये बारडोलीत सारा २२ टक्क्यांनी वाढवला तेव्हा वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देणे थांबवले. अखेर चौकशी झाली आणि वाढ जेमतेम ६ टक्क्यांवर आली. १९३० च्या कायदेभंगात पुन्हा साराबंदी झाली. पोलिसांचा जाच वाढला तेव्हा बारडोली आणि खेडा जिल्ह्याकडच्या हजारो शेतकऱ्यांनी घरांना कुलपे लावली, गाड्या जुंपल्या आणि इंग्रजी मुलखाच्या सीमेपलीकडे बडोदे संस्थानात येऊन झोपड्या बांधल्या. ज्या बडोद्याने चार वर्षांनी एका निर्वासित प्राध्यापकाला जागा दिली, त्याच्याच हद्दीत आधी हे शेतकरी निर्वासित होऊन राहिले. जर्मनीतल्या शेतकऱ्याच्या दारात नाझी प्रचारक पोचला होता. इथे सत्याग्रही पोचला. त्याने गाऱ्हाण्याचे कारण नेमके सांगितले: हा आकारणीचा हुकूम, हा त्याचा आकडा, हा चुकीचा आहे. आकडा बदलता येतो. एखाद्या जमातीत जन्मलेल्या माणसाला मात्र आपला जन्म बदलता येत नाही, म्हणून त्याच्यावर धरलेला राग कधीच शमत नाही.

पण आपल्या समाजात दुसरी वाटही उघडी होती, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२४ पासूनच्या दहा वर्षांत ‘केसरी’सारख्या मातब्बर मराठी वृत्तपत्रात मुसोलिनीच्या इटलीवर कौतुकाचे लेख येत राहिले. गोंधळातून शिस्तीकडे, दारिद्र्यातून उद्योगाकडे गेलेला देश, असे ते चित्र होते. गुलामीत पिचलेल्या, बेकारीने हैराण झालेल्या सुशिक्षित तरुणाला ते भावले, यात नवल नाही. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेनंतर इटलीला गेले. १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. मुलांना लहानपणापासून लष्करी शिस्त लावणाऱ्या ‘बलिल्ला’ संघटना त्यांनी पाहिल्या आणि त्यांची प्रशंसा आपल्या रोजनिशीत नोंदवली. परतल्यावर त्यांनी लष्करी शिक्षणाचे काम हाती घेतले आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. मुंज्यांना संचलने दाखवण्यात आली. ज्या मजूर संघटनांच्या कचेऱ्या जाळून ती शिस्त उभी राहिली होती, त्या दाखवण्यात आल्या नाहीत. हुकूमशाही पाहुण्याला नेहमी असेच फिरवते. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बर्लिनमधल्या रस्त्यांवरचे ज्यूविरोधी फलक तात्पुरते उतरवले गेले होते. १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव केला, तेव्हा प्रेक्षकांत सयाजीरावही होते. त्या वेळी त्यांच्या संग्रहालयाचा कारभार त्याच देशातून हाकललेला माणूस सांभाळत होता.

फॅसिझमचे खरे रूप ज्यांनी पारखले, त्या मराठी माणसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्थान पहिले. त्यांचे आणि कमाटीबागेचे नाते जगजाहीर आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना, पारशी विश्रांतिगृहातून त्यांना हाकलण्यात आले आणि डोके टेकायला ठिकाण नसलेला हा विद्वान याच बागेत झाडाखाली बसून राहिला. जन्मावरून माणसाला बाहेर काढणारी व्यवस्था कशी असते, हे समजायला त्यांना बर्लिनला जावे लागले नाही. तरी जर्मनीशीही त्यांचा संबंध आला. १९२२ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. मार्कची राख होत होती त्याच १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. चलनाचे मोल डळमळले की गरिबाचे काय होते, याचा त्यांचा अभ्यास पक्का होता.

मंदीच्या काळात त्यांनी काय केले, ते या इतिहासात मोलाचे आहे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातली खोती ही जमीनदारी पद्धत नष्ट करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांशी मतभेद असूनही त्यांच्या बरोबरीने त्यांनी एक दिवसाचा संप घडवला. खोत असो की गिरणीमालक, लढाईचा रोख त्याच्या कायदेशीर सत्तेवर होता. कुळे आणि कामगार जातींच्या भिंती ओलांडून एकत्र येत होते. माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करून मते मिळवणाऱ्या राजकारणाला याहून चांगला उतारा नाही. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी, केंद्रात मजूरमंत्री असताना, मुंबई आकाशवाणीवरून त्यांनी हिंदी कामगारांचा दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध उभे राहण्याचा निश्चय का आहे, हे समजावून सांगितले. वंशाच्या उच्चनीचतेवर उभी राहणारी जगाची नवी रचना कष्टकऱ्याला कायमची दास्यात ढकलील, हे त्यांनी ओळखले होते. त्याच युद्धात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींची सेवा करत होते. पुढच्याच महिन्यात त्यांचा तिथेच मृत्यू झाला.

कोन-वीनर १९३९ पर्यंत बडोद्यात राहिले. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला सयाजीरावांचे निधन झाले. कोन-वीनर अमेरिकेला गेले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांच्यानंतर हे संग्रहालय घडवणारा माणूसही जर्मनच होता: हेर्मान गोएट्झ. जन्म १८९८, कार्ल्सरूहचा. नाझींशी न जुळणारे गोएट्झ आधी हॉलंडला आणि १९३६ मध्ये हिंदुस्थानात आले. चाळिसाच्या दशकापासून त्यांनी बडोद्याच्या संग्रहालयाला अभ्यासाचे केंद्र केले आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची पायाभरणी केली. जर्मनीने जे ज्ञान नकोसे म्हणून बाहेर टाकले, ते बडोद्याच्या पोरांना मिळाले. द्वेषावर पोसलेले राज्य शेजाऱ्याला लुटते, आणि त्याआधी स्वतःच्या देशाची बुद्धी उधळून टाकते, याचा हा ठळक पुरावा आहे.

या साऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट मनात ठसते. मंदी जगभर आली. अमेरिकेत १९३३ मध्ये चार कामगारांमागे एक बेकार होता. तिथल्या सरकारने त्या वर्षी बँकठेवींना विम्याचे संरक्षण दिले, सार्वजनिक कामे काढली, १९३५ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला, आणि लोकशाही टिकली. जर्मनीत सरकारने भत्ते कापले, आणि ती गेली. भूक कुणाच्या हातात नसते असे आपण म्हणतो. पण भुकेल्याला काय उत्तर द्यायचे, ते माणसांच्याच हातात असते. उत्तर देणाऱ्यांनी पाठ फिरवली की त्या रिकाम्या जागेत शत्रू दाखवणारा येऊन बसतो. वरची मंडळी आपला फायदा पाहून त्याला खुर्ची देतात. मग कर्जखत बाजूला राहते आणि माणूस जळू लागतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे एकाच भाषणात दिले. एक असा की, राजकारणात समता आणि अर्थव्यवहारात विषमता ही विसंगती फार काळ टिकली, तर जे विषमता भोगतात तेच लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. दुसरा असा की, राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. हे दोन इशारे त्यांनी एकाच श्वासात दिले, यात खोल अर्थ आहे. विषमता माणसाला हताश करते आणि हताश माणूस तारणहार शोधतो. पहिला इशारा दुर्लक्षिला की दुसरा आपोआप खरा ठरतो.

म्हणून फॅसिझमशी लढाई निवडणुकीच्या सभेत सुरू होत नाही. ती त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते: बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदाराला त्याचे पैसे परत मिळतात का, कापसाला भाव मिळाला नाही तर शेतकऱ्याचे हप्ते थांबतात का, कंत्राट संपलेल्या कामगाराला पुढच्या महिन्याचा शिधा कुठून मिळतो, यापासून. हे प्रश्न रूक्ष वाटतात. पण दत्तांनी आयुष्य घातले ते अशाच रूक्ष आकड्यांत, आणि बाबासाहेबांनीही. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात कुणी नडलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचा गुन्हेगार म्हणून दुसरी जात, दुसरा धर्म, दुसरा प्रांत दाखवू लागला, तर त्याच्याकडे एकच मागणी केली पाहिजे: कर्जखत दाखव. कुठला हुकूम, कुठला दर, कुठला करार याने हे नुकसान झाले ते सांग. ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याशी वाद घालता येतो, कागद बदलून घेता येतो. ज्याच्याकडे फक्त माणूस आहे, त्याच्यामागे एक पाऊलही जाऊ नये. सुप्याच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना १८७५ साली जे कळले, ते आपल्याला कळायलाच हवे.